मागच्या दारापासून पुळणीपर्यंत: कोकणातले रोजचे फोटो दूरच्या मित्रांना कसे पाठवावेत

सूर्यास्ताचा फोटो मित्रांच्या गटात टाकला की चार-पाच अंगठे येतात आणि विषय तिथेच संपतो. तोच कुणी खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आज सोलांना पुन्हा रसाचं पूट दिलं, ऊन आहे तोवर आटपायला हवं’, की विदर्भातला मित्र विचारतो, पूट म्हणजे काय? पुण्यातली मैत्रीण सांगते, आमची आजी रसातच मीठ घालायची. परदेशातला एखादा रात्री जागून लिहितो की त्याला तो आंबूस वास आठवला. दोन दिवस गप्पा चालतात.

कोकणात राहणाऱ्याच्या किंवा सुट्टीला गावी येणाऱ्याच्या भोवती असे विषय ढिगाने असतात. ज्यांना एकदाही प्रत्यक्ष भेटले नाही अशी माणसं आज मला आमच्या फणसाला यंदा किती धरलेत ते विचारतात, आणि ही ओळख अशाच साध्या फोटोंतून झाली आहे. ते फोटो कसे काढावेत, कोणते निवडावेत, सोबत काय लिहावं आणि काय मुळीच सांगू नये, ते इथे क्रमाने लिहिते. साधा फोन पुरतो.

आधी माणूस, मग फोटो

फोन खिशातून काढण्याआधी मनात एक नाव आणा. हा फोटो कुणाला? सोलापूरच्या मित्राला पावसाचं अप्रूप असतं. त्याला पागोळ्यांखाली ठेवलेली कळशी दाखवा. कोल्हापूरच्या मैत्रिणीला भाताची लावणी नवी नसते, पण खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतली, कालवं कशी फोडतात ते तिने पाहिलेलं नसतं. परदेशात वाढलेल्या भाचीला चुलीवरचा मातीचा तवा पुरे होतो. नाव ठरलं की कॅमेरा कुठे धरायचा हेही आपोआप ठरतं, कारण त्या माणसाला काय दिसायला हवं ते आपल्याला ठाऊक असतं. ‘सगळ्यांसाठी’ काढलेला फोटो बहुतेक वेळा देखावा होतो.

फोनची तयारी

किनाऱ्यावर फोनचा पहिला शत्रू खारा वारा. समुद्रावर दहा मिनिटं थांबलात तरी लेन्सवर मिठाचा बारीक थर बसतो, आणि मग फोटो धुरकट येतात, दिव्यांभोवती तेजाचे फरांटे दिसतात. फोटो काढण्याआधी प्रत्येक वेळी लेन्स जुन्या मऊ सुती कापडाने पुसा. वाळूचा कण असेल तर आधी फुंकून उडवा, नाहीतर काचेवर ओरखडा पडतो. एसी गाडीतून दमट हवेत उतरलात तर लेन्सवर बाष्प धरतं. पाच-सात मिनिटं थांबा, ते आपोआप जातं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जाळीच्या रेषा चालू करा. समुद्राची क्षितिजरेषा तिरकी आली की सगळा फोटो कलंडल्यासारखा वाटतो. या रेषांमुळे ती सरळ राहते. आयफोन वापरत असाल तर फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे जुन्या फोनवरही तुमची फाइल उघडेल. फोटो काढताना बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढे जा. चार पावलं पुढे जाता येत नसेल, म्हणजे पक्षी दूर असेल किंवा मध्ये खाडी असेल, तर पक्षी लहानच येऊ द्या आणि सभोवार दाखवा.

उजेड आणि पाणी

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या किनाऱ्याचं गणित वेगळं आहे. समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, डोंगराच्या बाजूने येतं आणि समोरच्या होड्यांवर, जाळ्यांवर, माणसांच्या चेहऱ्यावर पडतं. म्हणून रंग हवे असतील तर सकाळ: निळं पाणी, होडीचा पिवळा-लाल पट्टा, टोपलीतल्या बांगड्यांची पाठ. संध्याकाळी ऊन समोरून डोळ्यांत येतं, त्यामुळे माणसं आणि होड्या काळ्या आकृत्या होतात. आकार हवे असतील तर संध्याकाळ. आईचा हसरा चेहरा संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून टिपायचा प्रयत्न केलात तर चेहरा काळा येणार. तिला उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळवा, म्हणजे ऊन गालावर बाजूने पडेल.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, आणि पाण्यावर उजेड फार असतो आणि फोन गोंधळतो. पडद्यावर ज्या जागेवर बोट ठेवाल तिथला उजेड फोन मोजतो. बोट ठेवून ते जरा खाली ओढलं की फोटो किंचित काळोखतो. आकाशातले ढग तेव्हाच नीट दिसतात. सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास होतो आणि जून-जुलैत सव्वासातच्या आसपास. सूर्य बुडाला की लोक उठून चालायला लागतात, पण रंग पुढची पंधरा-वीस मिनिटं चढत असतात. बसून राहा.

आता पाणी. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि त्यात अख्खं आकाश उतरतं. ही वेळ गाठायला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पक्षातल्या तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, थोडं मागेपुढे होतं, पण फोटोसाठी चालतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साधारण सव्वाअकराला येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. शिवाय ते दिवस उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, त्यामुळे पाणी दूरवर मागे गेलेलं असतं. सूर्य मावळतानाची लांबच लांब ओली पुळण हवी असेल तर याच संध्याकाळी निघा. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर चढलेलं असतं. तेव्हा सुरूच्या बनातून समुद्र टिपावा.

ओहोटीच्या वेळी खालीही बघा. बारीक खेकडे वाळूतलं खाद्य शोषून उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात, आणि त्यांची किरणांसारखी नक्षी होते. पुढच्या भरतीला ती पुसली जाते. अशा नक्षीशेजारी एक काडेपेटी ठेवून फोटो काढा. पाहणाऱ्याला तिचा आकार कळतो.

खडकांवर मात्र समुद्राकडे कधीच पाठ करू नका. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कातळावर उतरूच नका. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर गेलात तर भरती सुरू व्हायच्या आत परत फिरा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते पाहून निघावं.

काय टिपावं

घरापासून सुरुवात करा. मागचं दार, न्हाणीघराची धुरकटलेली भिंत, चुलीपाशी सुकत लावलेली लाकडं, मे महिन्यात सुपात पसरलेली आंब्याची साटं, मांडवावर चढलेला पडवळ, गडग्यावर पावसाने उगवलेलं नेचं. आपल्याला यांची इतकी सवय झालेली असते की ती दिसेनाशी होतात. यावर उपाय सोपा आहे: दर आठवड्याला घरातली एक वस्तू अशी निवडा, जी मुंबईच्या फ्लॅटमध्ये सापडणार नाही.

पावसाळ्यात बाहेर सगळीकडे हिरवं असतं आणि फोटोत ते एकसारखं हिरवं येतं. त्यात एक वेगळा रंग शोधा. जांभ्या दगडाची ओली तांबडी पाखाडी, लावणीवालीच्या डोक्यावरची निळी प्लॅस्टिकची खोळ, तेरड्याचा गुलाबी ताटवा. ढगाळ उजेड फुलांना फार चांगला, सावल्या कडक पडत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सीतेची आसवं फुलतात, जांभळी आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान. ही वनस्पती मातीतले सूक्ष्म जीव पकडून खाते, हे फोटोखाली लिहिलंत तर मुलं प्रश्नांची सरबत्ती करतील. फोटोसाठी गुडघ्यावर बसा, पण जिथे गुडघा टेकाल तिथे फुलं नाहीत ना ते आधी पाहा.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं आता बाहेरही पोचली आहेत, आणि 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. भर दुपारी तिथे गेलात तर फोटोत सपाट दगडाशिवाय काही येत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरक्या उन्हाने खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि आकृती वर येते. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडूने गिरवू नका, पाणी ओतू नका, वर पाय देऊ नका.

बंदरावर जायचं तर जून-जुलै टाळा. तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, म्हणजे पावसापासून झाकलेल्या असतात. हा शाकारलेल्या होड्यांचा फोटो मला स्वतःला फार आवडतो, तो भाग वेगळा. हर्णैसारख्या बंदरातला मासळीचा लिलाव म्हणजे आवाजांचा कल्लोळ. तिथे फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवावा.

माणसांना विचारून

लिलावात बसलेली बाई धंदा करत असते, लावणीतली माणसं भिजून चिखलात उभी असतात. कुणालाही न विचारता टिपू नये. ‘काकी, एक फोटो काढू का?’ एवढं विचारायला दोन क्षण लागतात. नकार आला तर फोन खिशात. होकार आला तर काढलेला फोटो लगेच त्यांना दाखवा आणि कुठे पाठवणार तेही सांगा: ‘माझ्या मैत्रिणीला नागपूरला पाठवते.’ मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. देवळाच्या गाभाऱ्यात आणि देवराईत गावाची रीत विचारा. ठिकठिकाणी ती वेगळी असते. चेहरा हवाच असं नसतं. जाळं विणणारे हात, नारळ सोलणाऱ्याचा कोयता आणि पाय, यातही माणूस पुरता दिसतो.

निवड

काढलेले फोटो त्याच जागी उभं राहून पाठवू नका. संध्याकाळी पडवीत बसून एकदा बघा. एका विषयाचा एकच ठेवा, फार तर तीन: एक लांबून, एक जवळून, एक काम चालू असतानाचा. बाकीचे त्याच दिवशी पुसा. क्षितिज सरळ करा, कडेला आलेला कचऱ्याचा डबा कापा, उजेड थोडा कमी-जास्त करा आणि थांबा. हिरवा रंग वाढवायचा मोह पावसाळ्यात सगळ्यांना होतो. पण भाताचा कोवळा हिरवा आणि फणसाचा काळपट हिरवा यांतला फरक त्यात मरतो.

सोबतच्या ओळी

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं काम हे, आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. ‘सुंदर सकाळ’ असं लिहून आलेल्या फोटोला काय उत्तर द्यायचं? पाहणारा ‘मस्त’ म्हणतो आणि गप्प होतो.

फोटोत जे दिसतंय ते पुन्हा लिहू नका. दिसत नाही ते लिहा: वास, आवाज, आधी काय झालं, पुढे काय होणार, हे कुणाचं आहे. केळफुलावर बसलेल्या शिंजीर पक्ष्याचा फोटो असेल तर असं लिहिता येईल: ‘पहाटे पाऊस थांबला. मागच्या दारी हा आला आणि मध पिऊन होईपर्यंत हलला नाही. आई म्हणते, रोज याच वेळी येतो.’ तीनच ओळी, पण त्यात वेळ आली, घर आलं, आई आली. गणपतीच्या माटवीचा, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या सजावटीच्या चौकटीचा, फोटो असेल तर कवंडळं कुठल्या रानातून आणली आणि ती बांधायला कोण वर चढलं, ते लिहा. वाळत घातलेल्या सुक्या बांगड्यांचा असेल तर मांजराला हाकलायला कोण बसलंय ते लिहा.

शेवटी एक प्रश्न टाका, ज्याचं उत्तर समोरच्याला सहज देता येईल. ‘तुमच्याकडे हे फूल दिसतं का?’ ‘तुमच्याकडे पेरणी झाली का?’ यामुळे मराठवाड्यातला मित्र आपल्या शेताचा फोटो पाठवतो, आणि मग पाहण्याची पाळी आपली. त्याच्या फोटोला नुसतं चिन्ह न पाठवता त्यातली एखादी बारीक गोष्ट पकडून विचारा; बैलाच्या शिंगाला लावलेला रंग कुठून आणला, असं काहीतरी.

प्राण्या-पक्ष्यांची नावं खात्री असेल तरच लिहा. खात्री नसेल तर ‘घारीसारखा, पण पोट पांढरं’ असं वर्णन करा. गटातला जाणता ‘समुद्रगरुड असेल’ म्हणून सांगतो. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर तिथले जाणकारही ओळख पटवायला मदत करतात.

ठिकाण सांगायचं की नाही

फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळेबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती पुसली जाते. पण तोच डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मूळ फाइल पाठवली तर ती सोबत जाते. ओळखीच्या मोजक्या माणसांपलीकडे फोटो जाणार असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशन बंद करून टाका. आयफोनमध्ये पाठवताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्येही ते बंद करता येतं.

काही गोष्टींचं ठिकाण तर कधीच सांगू नये. धनेशाची ढोली त्यात पहिली. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला आणि पिल्लांना भरवतो. झाडाखाली गर्दी झाली की नर जवळ यायला कचरतो आणि आतले जीव उपाशी राहतात. ‘आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला’ असंही लिहू नका. ‘कोकणात कुठेतरी’ एवढं पुरे. खवले मांजर दिसलं तर फोटो फिरवू नका, वनखात्याला कळवा. आय-नॅचरलिस्टवर धोक्यातल्या अनेक जातींचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. आपल्या गटात ते काम आपणच करायचं.

कासवांचं थोडं वेगळं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. तिथे पिल्लं समुद्रात जाताना लोकांना पाहता येतात, त्यामुळे ठिकाण लपवायचं कारण नाही. पण फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. आपल्या फोनचा उजेड त्यांना उलट फिरवतो. दोरीच्या मागे उभं राहून, जमिनीलगत फोन धरून काढलेला फोटो उत्तम येतो. हिवाळ्यात पुळणीवर बसलेल्या कुरवांच्या थव्यात मुलांना धावायला लावून उडते पक्षी टिपण्याची पद्धत पडली आहे. ते पक्षी लांबचा प्रवास करून विसाव्याला आलेले असतात, त्यांना बसू द्या.

माणसांच्या बाबतीतही एक खबरदारी हवी. आपल्या वाड्यांमधली कितीतरी घरं गणपती आणि मे सोडले तर कुलूपबंद असतात. जुनं कौलारू घर देखणं दिसतं, पण दाराचं कुलूप आणि गावाचं नाव एकाच फोटोत गेलं की घर रिकामं आहे ही बातमीच जाते. तसंच स्वतः चार दिवस बाहेरगावी असाल तर तिथले फोटो परतल्यावर पाठवा.

पाठवताना

व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. पाठवण्याच्या पडद्यावर वर ‘एचडी’ची खूण आहे, ती दाबली की बराच तपशील टिकतो. मित्राला छापून घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बारशाचे किंवा शिमग्याच्या पालखीचे असे पुष्कळ फोटो असतील तर गटात ओतू नका. गुगल फोटोजमध्ये अल्बम करून त्याची लिंक द्या, ज्याला बघायचे तो सवडीने बघेल. स्टेटसवर टाकलेलं 24 तासांत जातं, आणि ते नेमकं कुणासाठी होतं हेही कळत नाही. एखाद्या मित्राची आठवण येऊन काढलेला फोटो थेट त्यालाच पाठवा.

रेंज नसणं ही आपली रोजची गोष्ट. फोटो आणि ओळी घरीच तयार करून पाठवा दाबून ठेवा. घड्याळाची खूण दिसत राहते, आणि तुम्ही सड्यावर किंवा एसटीच्या थांब्यावर पोचलात की निरोप आपोआप जातो. पावसात वीज जाते, म्हणून फोन आधी चार्ज करून ठेवावा.

एकच जागा वर्षभर

ज्यांना नियमाने काही करायचं असेल त्यांच्यासाठी हे. घराजवळची एक जागा निवडा: भाताचा कोपरा, विहीर, वहाळावरचा साकव. गडग्यावरच्या एका दगडावर खुणेला चुना लावा आणि दर रविवारी तिथेच उभं राहून, फोन आडवा धरून, डाव्या कडेला तेच झाड येईल असा फोटो काढा. मे महिन्यात करपलेलं गवत, मिरगाच्या पावसानंतर आठवडाभरात फुटलेला हिरवा पोपटी रंग, जुलैत चिखलणी, सप्टेंबरात फुलं, ऑक्टोबरात सोनेरी गवत, मग कापणी आणि उडव्या. एकेकटा फोटो साधा असतो, पण मित्रांना क्रमाने पाठवत गेलात की ते पुढच्या रविवारची वाट बघायला लागतात.

हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये महिन्याच्या नावाने ठेवा आणि वर्षातून दोनदा पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर उतरवा. गुगलची फुकट जागा 15 जीबीच आहे आणि जून 2021 पासून सगळे नवे फोटो त्यात मोजले जातात, ती लवकर भरते. डिस्क पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वर्ष पुरं झालं की मे आणि ऑगस्टचे फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवा. खाली फक्त दोन तारखा लिहा.